अर्धा अनारसा

माझं बोट मी डिंपलच्या हातात दिलं ते तिची अडचण झाली होती म्हणून. रविवारची सकाळ होती. तळ्याकाठच्या हॉलमध्ये फिरायला येणाऱ्यांच्या मंडळानं साखर तपासायचं शिबिर ठेवलं होतं आणि टेबलासमोर पाच-सहा बायका एकमेकींना कोपरानं पुढे ढकलत उभ्या होत्या. डिंपल लॅबमधली पोरगी. नवऱ्याचे रिपोर्ट आणायला मीच जाते, त्यामुळे आमची ओळख. ती म्हणाली, "काकू, तुमीच द्या ना बोट पहिले. ह्या बाकीच्या भेऊन राह्यल्या." माझं काय जाणार होतं? ब्लाउज शिवणाऱ्या बाईच्या बोटाला सुईचं काय अप्रूप! टोचलं, थेंब आला, पट्टीनं तो ओढून घेतला, मशीनवर पाच, चार, तीन, दोन, एक असं झालं आणि मग आकडा आला, तीनशे अठरा. डिंपलनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं मशीन पुसलं, नवी पट्टी घातली, दुसरं बोट मागितलं. तीनशे चोवीस. "काकू, सकाळी काय खाल्लं?" तिनं अगदी हळू विचारलं. मी म्हटलं, चहा. चहा आणि दोन टोस्ट. बारा वर्षं मी साखरेचे आकडे वाचते आहे, ते वाचायला मला डॉक्टर लागत नाही. हा आकडा नवऱ्याचा असता तर मी तिथल्या तिथे रिक्षा बोलावली असती. माझा होता म्हणून कापसानं बोट दाबून उभी राहिले, आणि पहिल्यांदा मनात आलं ते हे, की आता मागच्या बायका आणखीच घाबरतील.

तेवढ्यात नवरा आला. त्या दिवशीचा नवरदेव तोच होता. सहा वर्षं गोळीशिवाय साखर काबूत ठेवली म्हणून मंडळ त्याचा सत्कार करणार होतं. पांढरे बूट, इस्त्रीचा टी-शर्ट, पोट असं आत गेलेलं की पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. ती भोकं मीच पाडली होती, दाभणानं. त्यानं मशीनवरचा आकडा वाचला, मग माझ्याकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या त्याच्या फिरायच्या सोबत्यांकडे. आणि हसत, चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घरात सारं पथ्याचं शिजते, माझ्यासाठी. मंग साखर कुठून आली? चोरून खात असशीन तू." सोबती हसले. रांगेतल्या बायकाही हसल्या, कारण हसल्यावर त्यांची भीती जरा कमी झाली. मीसुद्धा हसले. ते मला अजून माफ करता येत नाही.

मनातल्या मनात मी नवऱ्याला अरे-तुरे करते. तोंडानं अहो, ऐकलं का, पाणी ठेवलंय, पण आत मात्र शरच्चंद्र, सरळ नावानं, एकेरी. तेहेतीस वर्षांच्या संसारात नेमानं केलेला हा एवढाच माझा व्यायाम. त्या सकाळी हॉलमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मी त्याला आत इतक्या वेळा हाक मारली की नाव नुसता आवाज होऊन राहिलं. चोरून. कोर्टात नाझर म्हणून जप्तीचा माल आणि पैसे सांभाळलेला माणूस, चोरी म्हणजे काय हे त्याला नीट ठाऊक. चोरी म्हणजे दुसऱ्याचं त्याला न विचारता घेणं. मी आयुष्यात कधी काही घेतलं नाही. मला दिलं गेलं. ताटात टाकलं गेलं, आणि टाकणारा तोच.

बारा वर्षांपूर्वी कोर्टाच्या पायऱ्या चढताना त्याला चक्कर आली आणि तपासणीत सगळं बाहेर पडलं. त्या दिवशी तो घरी येऊन पलंगाच्या काठावर बसला, बूटही न काढता, आणि रडला. मी त्याला रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. रडत तो म्हणाला, "मले तुह्या बापासारखं नाई मरायचं." माझे वडील, महादेवराव, जानेफळला शाळेत मास्तर होते आणि थोडी शेती बघायचे. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून चालताना त्यांच्या टाचेत बाभळीचा काटा गेला आणि त्यांना तो कळला नाही. आठ दिवसांनी आईनं, मंजुळाबाईनं, मोज्याला काळा डाग पाहिला. औरंगाबादला नेलं, पाय गुडघ्याखाली कापला, आणि तरी चार महिन्यांत गेले. त्यांची डाव्या पायाची चप्पल आईनं कितीतरी वर्षं फळीवर ठेवली. टाकवत नव्हती, आणि एका पायाची चप्पल द्यायची तरी कोणाला? तर ते मरण नको, असं शरच्चंद्र म्हणाला. मला वाईट वाटलं नाही. उलट मी त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि ठरवलं, ह्याला नाही मरू द्यायचं तसं. त्यात मी महादेवरावांची मुलगी आहे, त्यांचं रक्त असलंच तर माझ्यात आहे, हे त्याला सुचलं नाही. मलाही नाही सुचलं. दोघंही एका रोग्याच्या भोवती बसलो आणि तो रोगी तो होता.

मग मी शिकले. ज्वारीची भाकरी किती, भात कधी, डाळ किती घट्ट. धाड गावच्या बाजारातून कोवळी कारली आणून मी त्याला रस काढून दिला, मेथी भिजवली, मुगाला मोड आणले. पहाटे तो फिरायला निघाला की मी ओट्याशी. सात वाजून दहा मिनिटांनी परत येतो, तेव्हा वाटी समोर हवी, पाच मिनिटं उशीर झाला तर म्हणणार, शरीराचं घड्याळ असते. "तूही चाल माझ्यासोबत," असं तो एकदा म्हणाला होता, एकदाच, आणि मी म्हटलं, मग मूग कोण करेल? तो प्रश्न त्याला पटला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं विचारलं नाही. तो तळ्याला तीन चकरा मारायचा आणि मी त्याच वेळात स्वयंपाकघर ते नळ, नळ ते ओटा. नंतर दिवसभर मशीनवर. पायाला मुंग्या यायच्या, ते पायडलमुळे असं मी धरून चालले. सुईत दोरा जाईना, तर चष्मा बदलला, वर्षात दोनदा. तहान लागायची, तर उन्हाळा आहे. बुलढाण्याच्या हवेत कसला आलाय एवढा उन्हाळा! रात्री तीनदा उठायचे, तर वय. ही सगळी लक्षणं मला तोंडपाठ होती. शरच्चंद्रच्या बाबतीत ह्यातलं एक जरी दिसलं असतं तरी मी त्याला हाताला धरून नेलं असतं.

पण खरं सांगायचं ते गोडाचं. सुरुवातीची काही वर्षं त्याला साखर झाली आहे हे कोणाला कळू द्यायचं नव्हतं. नोकरीत बढतीची वेळ होती आणि आजारी माणसाकडे लोक वेगळ्या नजरेनं बघतात, असं त्याचं म्हणणं. कोर्टात खटला जिंकलेला माणूस पेढे वाटतो. नाझराच्या टेबलावर पाव किलोचा पुडा हमखास. तो नको म्हणाला तर का नको ते सांगावं लागेल, म्हणून तो पुडा घरी यायचा. मी एकदा शेजारच्या समताकडे बर्फीची ताटली पाठवली, तर हा भडकला. म्हणाला, आज बर्फी दिली, उद्या पेढे दिशील, घरातलं गोड रोज बाहेर जाऊन राह्यलं म्हटल्यावर लोकांना काय कळत नाही? मग समताकडे नाही, कामवालीकडे नाही. टाकायचं तर प्रश्नच नव्हता. माझ्या आईनं अंगणात सांडलेली ज्वारी दाणा दाणा वेचताना मी लहानपणी तिच्या शेजारी बसून वेचली आहे, अन्न टाकायला माझा हात उठत नाही. आणि घरात ठेवलं तर हा रात्री उठून खाईल, तेही मी दोनदा पकडलं होतं. मग राहिलं कोण? मी संपवायचे. दुपारी, सगळं आवरल्यावर, ओट्याशी उभ्यानं, औषध घ्यावं तसं. त्याच्या तोंडात जाऊ नये म्हणून माझ्या तोंडात. कोणाच्या बांधाचा निकाल लागला, कोणाला सोडचिठ्ठी मिळाली, कोण सुटला, त्या सगळ्यांचे पेढे मी खाल्ले आहेत. ज्यांचं तोंड कधी पाहिलं नाही त्यांच्या आनंदाचा माझ्या अंगात हा केवढा साठा!

पुढे बढती झाली, निवृत्ती झाली, साखर उतरली, आणि जी गोष्ट लपवायची होती तीच मिरवायची झाली. तेव्हा त्यानं दुसरी रीत काढली. नुसती चव घ्यायची. लग्नात गुलाबजाम वाढला की अर्धा तोडून खायचा आणि उरलेला अर्धा माझ्या ताटात. जिलबीचं एक वेटोळं त्याचं, बाकीची माझी. आमरसाच्या वाटीत दोन चमचे बुडवायचे आणि वाटी सरकवायची. पंगतीत बायका एकमेकींना दाखवायच्या, बघा, ह्या वयातही घासातला घास देतात. मुलगा देवेश पुण्याला असतो, त्यानं असा एक फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. त्यात मी लाजल्यासारखी दिसते. "वासंतीले गोड लई आवडते," असं शरच्चंद्र सगळ्यांना सांगतो, आणि ते इतकी वर्षं इतक्या लोकांना सांगून झालं आहे की माझ्या नावानं जास्तीचं गोड वाढलं जातं. मला गोड आवडतं का? खुर्चीवर बसून मी आठवायचा प्रयत्न केला. माहेरी असताना मी भाकरीवर ठेचा घेऊन वळचणीला बसायचे, नाकातून पाणी वाहायचं तरी हात थांबायचा नाही, एवढं पक्कं आठवलं. त्याच्यापुढे काही आठवेना. स्वतःच्या जिभेबद्दल साक्ष द्यायची तर मी साक्षीदार म्हणूनही उपयोगाची नव्हते.

शिबिरात एक डॉक्टरीण होती, योगिनी नावाची, देवेशपेक्षा लहान. डिंपलनं तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि तिनं मला पडद्यामागे बोलावलं. इकडे स्टेजवर माईक सुरू झाला होता. योगिनीनं मला चपला काढायला लावल्या, पाय स्टुलावर घेतले आणि म्हणाली, डोळे मिटा, मी तळव्याला एक दोरा लावते, लागला की हो म्हणा. मी डोळे मिटले. पलीकडे मंडळाचे अध्यक्ष इच्छाशक्तीवर बोलत होते. जिभेवर ताबा, म्हणत होते. मी वाट बघत बसले. म्हटलं पोरगी नवीन आहे, सामान शोधत असेल. एकदा हो म्हणाले, उगीच, अंदाजानं, तिला बरं वाटावं म्हणून. मग बराच वेळ काहीच झालं नाही म्हणून डोळे उघडले, तर ती दोरा डबीत ठेवत होती. झालं सुद्धा. दोन्ही पायांना दहा-दहा ठिकाणी लावून झालं होतं. "मावशी, बाकी कुठं नाही लागला का?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. तिनं मग पुष्कळ सांगितलं, उद्या उपाशीपोटी रक्त द्या, तीन महिन्यांची साखर बघू, गोळ्या लागतील, जेवणानंतर चालायचं, अनवाणी अजिबात फिरायचं नाही, आणि रोज संध्याकाळी तळव्याखाली आरसा धरून बघायचं. मी मान हलवत होते. हे सगळं मी दुसऱ्या कोणासाठी ऐकते आहे अशी माझी मान हलत होती. फक्त आरशाचं नवीन होतं. महादेवरावांच्या तळव्याखाली कोणी आरसा धरला नाही.

आणि तेवढ्यात माझं नाव पुकारलं. शाल झाली, श्रीफळ झालं, आता वहिनींनी दोन शब्द बोलावे. मी चपला घातल्या. घालताना खाली बघून घातल्या, कारण हल्ली चप्पल पायातून निसटलेली मला दोन पावलं गेल्यावर कळायची, ती का, हे आत्ताच कळलं होतं. स्टेजच्या तीन पायऱ्या मी बघत बघत चढले. शरच्चंद्र खुर्चीत बसला होता, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. माझ्याकडे बघून त्यानं भुवई जराशी वर केली, म्हणजे आटोपतं घे. किती सोपं होतं त्या वेळी! माईक हातात होता. ह्या माणसाची साखर उतरली नाही, ती सरकवली आहे, एवढं एक वाक्य. माझ्या जिभेवर ते आलंही होतं. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, ह्यांचा निर्धार फार मोठा, मी फक्त साथ दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण संन्याशानं स्वतःच सुळी गाठली तर त्याला काय म्हणायचं, ते कुठे सांगितलेलं नाही.

घरी चालत आलो. तो पुढे, मी मागे. चिखली रोडवर ऊन चढलं होतं. त्यानं नारळ माझ्या हातात दिला होता आणि शाल घडी करून काखेत घेतली होती. वाटेत त्यानं माझ्या आकड्याचा विषय काढला नाही, असं नाही. काढला. म्हणाला, ही मशिनं काही खरी नसतात, आणि खरी असली तरी बायांनी जरा खाण्यावर लक्ष ठेवलं पाहिजे, तू म्हणत असशील तर मी तुला चार्ट बनवून देतो. चार्ट! ज्यानं बारा वर्षांत भाकरी तव्यावर उलटलेली पाहिली नाही तो मला चार्ट देणार होता. मी उद्याच्या रक्ततपासणीचं सांगितलं, तर म्हणाला, ते मंगळवारी ठेव, उद्या माझ्याकडे मंडळाची माणसं येणार आहेत. मला तेव्हा त्याचा राग आला होता हे म्हणणं अपुरं आहे. मला त्याचे बूट दिसत होते, पांढरे, जाड तळाचे, टाचेला गादी असलेले, आणि त्या बुटांचा राग आला होता. ते पाय मी राखले होते. भेगांना तेल लावलं, नखं कापली, कोमट पाण्यात बुडवले, बोटांच्या बेचक्यात बघितलं. माझ्या हातांना त्याच्या तळव्याची रेघ न रेघ माहीत होती आणि स्वतःचे तळवे मी शेवटचे कधी पाहिले ते आठवत नव्हतं.

घरात स्टीलचा डबा होता. आदल्या दिवशी माझी भावजय संजीवनी जानेफळहून एसटीनं येऊन देऊन गेली होती. धोंड्याचा महिना. दर तीन वर्षांनी अधिक मास येतो, जावयाला वाण द्यायचं, तेहेतीस अनारसे. खरं तर जावयानं सासुरवाडीला जायचं असतं, पण हा फिरणं बुडतं म्हणून जात नाही, म्हणून डबा येतो. संजीवनीनं तो ओट्यावर ठेवून माझ्या हातावर हात ठेवला होता. "ताई, तेहेतीस हायेत, मोजून. जावयाचं वाण हाय, घराभायेर नका जाऊ देऊ. भाऊजीनं पयला खायाचा, मंग तुमी." तीन दिवस तांदूळ भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, कुटायचे, गुळात मुरवायचे, खसखशीवर थापून एकेक तुपात सोडायचा. त्या बाईचे आठ दिवस त्या डब्यात होते. मी तिला सांगू शकले नव्हते की मागचे चार धोंडे कुठे गेले. त्याच्या दुखण्यानंतरचे चार अधिक मास. दर वेळी शरच्चंद्र पाटावर बसला, मी ओवाळलं, त्यानं एक अनारसा उचलला, अर्धा खाल्ला, गुळाचाच तर आहे, साखर कुठं आहे त्यात, असं म्हणाला, आणि उरलेला अर्धा माझ्या ताटात. आणि उरलेले बत्तीस माझे. कोरोनाच्या वर्षी तर दुधाच्या गाडीवरून डबा आला होता, घरात कोणी यायचं नव्हतं, जायचं नव्हतं, मी पंधरा दिवस रोज दुपारी दोन-दोन खाल्ले. शेवटी शेवटी तोंडाला तूप वास मारायचं. तरी खाल्ले, कारण जावयाचं वाण, आणि जावई जगायला हवा.

शरच्चंद्र अंघोळीला गेला. मी शिवणयंत्रापाशी बसले, त्याच्या दाढीचा आरसा घेतला आणि उजव्या तळव्याखाली धरला. काही नाही, नुसता पाय, ओळख नसलेला. मग डावा. टाचेच्या बाहेरच्या कडेला निळा ठिपका होता. आधी वाटलं रंग लागला असेल. बोटानं घासला तर तो कडक लागला, बोटाला. टाचेला काही लागलं नाही. नखात धरून ओढला आणि तो लांब होत गेला. टाचणी होती. अख्खी, निळ्या डोक्याची. समताच्या ब्लाउजाला मी निळ्या टाचण्या लावल्या होत्या, मंगळवारी, पांढऱ्या संपल्या म्हणून. मंगळवार, बुध, गुरू, शुक्र, शनी, रविवार. ह्या पायानं मी बाजारात गेले होते, संजीवनीला स्टँडवर पोचवायला गेले होते, आणि आज स्टेजच्या तीन पायऱ्या चढून निर्धाराबद्दल बोलले होते. भोकातून थोडं पाणी आलं, मग थोडं रक्त. भोवतीची कातडी काळपट दिसत होती, किंवा आरशाला डाग असेल. मी दुसऱ्यांदा नाही बघितलं. मला जानेफळची फळी दिसली, आणि त्या फळीवर डाव्या पायाची एक चप्पल, आणि ती बायकी होती.

भीतीनं मी यंत्राच्या फळीला धरून बसले. मग तिच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं आणि ते भीतीपेक्षा बरं होतं, निदान त्यानं उभं राहता येत होतं. मी टाच डेटॉलनं पुसली, पट्टी बांधली, चपला घातल्या. घरात चप्पल घालून मी स्वयंपाकघरात कधी गेले नव्हते. त्या दिवशी गेले. योगिनीनं शिबिरात दिलेल्या नंबरावर फोन लावला, तर तिनं सांगितलं, उद्याची वाट बघू नका, चार वाजता या, मी दवाखान्यात आहे. मी पाट मांडला, निरांजन लावलं, ताटं वाढली. त्याचं नेहमीसारखं, मोजकं. माझंही त्याच मापाचं, अर्धी भाकरी, भाजी, घट्ट वरण, काकडी. दोन ताटं सारखी दिसत होती आणि ते घरात इतकं नवीन होतं की मीच जरा वेळ बघत राहिले.

तो आला, शाल पुन्हा खांद्यावर घेऊन बसला. मी ओवाळलं. डबा उघडून त्याच्यासमोर ठेवला. वरचा अनारसा सुरेख होता, जाळी पडलेला, खसखस एकसारखी भाजलेली. त्यानं तो उचलला, तोडला, अर्धा तोंडात टाकला. "वा! संजीवनीच्या हाताले चव हाय," म्हणाला. आणि चावत चावतच, माझ्याकडे न बघता, उरलेल्या अर्ध्याचा हात माझ्या ताटाकडे आला. मी ताटावर हात आडवा ठेवला.

"काऊन? घे ना. तुले आवडते."

"मला नाही आवडत," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी रुसले. सकाळचं मनावर घेतलं का, असं म्हणाला, चारचौघांत माणूस गमतीनं बोलतो, एवढं काय. मग म्हणाला, बरं, आत्ता नको तर नंतर खा, डबा तुझ्याजवळच ठेव, नाहीतर माझा हात जायचा. हे त्यानं अगदी सहज म्हटलं. मी पदराच्या टोकात खोचलेली टाचणी काढली आणि त्याच्या ताटाशेजारी, मिठाच्या बाजूला ठेवली.

"ही मंगळवारपासून माझ्या टाचेत होती," मी म्हटलं. "मला कळली नाही. चार वाजता डॉक्टरकडे जायचंय, तुम्ही सोबत यायचं. हा डबा तुमचा आहे. खा, वाटा, कोणालाही सांगून द्या. मी खाणार नाही."

तो टाचणीकडे बघत होता. महादेवरावांचं त्याला आठवलं असणार, कारण त्याचा चेहरा त्या पलंगावरच्या दिवसासारखा झाला, आणि माझ्या हाताला, जुन्या सवयीनं, ते डोकं पोटाशी धरावंसं वाटलंही. मी तो हात ताटावरून काढला नाही. दुसऱ्या हातानं डब्याचं झाकण लावलं. शरच्चंद्रच्या बोटांत अर्धा अनारसा तसाच होता, तुपानं बोटं चकाकत होती. त्यानं तो डब्याकडे नेला, झाकण बघून परत आणला. ताटात उष्टं ठेवायचं नाही ही त्याचीच शिस्त. तोंडापर्यंत नेला आणि तिथेही थांबला. मग पुन्हा माझ्या ताटाकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, आणि तो अर्धा तुकडा हातात धरून तसाच बसून राहिला, कारण दुसरी जागाच त्याला माहीत नव्हती.